गेमसाठी पहिले अवकाशयान आखताना: ऐषाराम कुठे, उपयोग कुठे

गेम बनवायला नव्याने शिकणाऱ्या पुष्कळांना पहिल्यांदा अवकाशयानच करून पाहावेसे वाटते, आणि ही निवड मला योग्य वाटते. यान हे वाहन असते, घर असते आणि कामाची जागाही असते. शिवाय त्याला स्पष्ट हद्द असते, त्यामुळे एकट्या माणसाला ते पूर्ण करता येते. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. नवीन माणूस उंच छताची दालने, काचेचे जिने आणि गोल पलंग रचत जातो आणि त्या यानात इंधन कुठे ठेवतात याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. किंवा तो नळ्या, तारा आणि करड्या पत्र्यांनी यान इतके भरून टाकतो की त्यात कोणी माणूस झोपतो, जेवतो, कंटाळतो यावर विश्वास बसत नाही. ही दोन्ही टोके टाळून पहिले यान कसे उभे करावे, याच्या पायऱ्या पुढे क्रमाने दिल्या आहेत.

ऐषाराम हा शब्द मी येथे एका ठरावीक अर्थाने वापरणार आहे. जी जागा, जे वजन किंवा जो वेळ थेट कामी येत नाही आणि तरीही कोणीतरी जाणूनबुजून राखलेला असतो, तो ऐषाराम. डेक्कन क्वीनचा डायनिंग कार आठवा. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला त्या डब्याऐवजी आसनांचा डबा जोडला तर आणखी प्रवासी नेता येतील, हे त्यात बसून ऑम्लेट खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच तो डबा त्या गाडीची शान ठरतो. मखमल आणि सोनेरी कडा नंतर येतात. कशाच्या बदल्यात काय राखले आहे हे दिसले, की गेममधल्या खेळाडूलाही ऐषाराम तसाच जाणवतो.

पहिली पायरी: खेळाडू यानात काय करणार ते लिहून काढा

कागद घ्या आणि खेळाडूचा यानाशी संबंध कसा येतो ते एका वाक्यात लिहा. तो यान फक्त चालवणार आहे, वरून नकाशासारखे पाहणार आहे, की त्याच्या आत पायी फिरणार आहे? या एका उत्तरावर पुढचे बहुतेक निर्णय अवलंबून आहेत, आणि ते न लिहिताच मॉडेल करायला बसल्यामुळे कित्येक चांगली याने अर्धवट राहिलेली मी पाहिली आहेत.

१९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी ‘एलीट’ केला, तेव्हा यान म्हणजे पडद्यावरची रेषांची आकृती आणि खालचा उपकरणांचा फलक एवढेच होते. खेळाडूच्या कोब्रा मार्क थ्री यानात २० टन माल मावत असे आणि पैसे साठवून मोठा कार्गो बे, म्हणजे मालाचा कप्पा, घेतला की ३५ टन. त्याच गेममध्ये स्थानकात यान आपोआप लावून देणारा डॉकिंग संगणकही विकत मिळे. फिरत्या स्थानकाच्या चिंचोळ्या तोंडातून यान आत घालणे हे नवख्या खेळाडूला घाम फोडणारे काम होते, आणि ते टळणे हा तिथला खरा ऐषाराम होता. त्यासाठी निर्मात्यांना एकही खोली रचावी लागली नाही. ज्यांच्या गेममध्ये खेळाडू आत फिरणारच नाही, त्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे: सोय विकता येते, आणि ती मॉडेलपेक्षा नियमांतून अधिक स्वस्तात उभी राहते.

याच परंपरेतला ‘एलीट डेंजरस’ डिसेंबर २०१४ मध्ये आला. २०२१ च्या ‘ओडिसी’ या भागानंतर खेळाडू स्थानकांत आणि वसाहतींत पायी फिरू लागला, पण यानाच्या पोटात फिरणे त्यातही ठेवले नव्हते. त्यामुळे तिथे श्रीमंती सांगण्याची जबाबदारी बाह्याकृतीवर, खिडक्यांच्या रांगेवर आणि कॉकपिटवर येते. याउलट २०१२ चा ‘एफटीएल’ संपूर्ण यान वरून दिसणाऱ्या आराखड्यात मांडतो; खोल्यांमध्ये इंजिन, ऑक्सिजन, शस्त्रे अशा यंत्रणा असतात आणि आग लागली की खेळाडू दरवाजे उघडून हवा बाहेर सोडतो. काही यानांत यंत्रणा नसलेल्या रिकाम्या खोल्याही आहेत. पहिल्यांदा त्या वाया गेल्यासारख्या वाटतात. शत्रूचा मारा नेमका त्या खोलीवर पडला की तिची किंमत कळते.

‘मास इफेक्ट’, ‘स्टार सिटिझन’ आणि ‘स्टारफील्ड’ यांच्यासारखे पायी फिरण्याचे यान करायचे असेल तर काम अनेक पटींनी वाढते. नवीन माणसाला माझा सल्ला असा की पहिल्या यानात कॉकपिट, त्यामागे एकच राहण्याची खोली आणि मालाची जागा, एवढेच धरावे.

दुसरी पायरी: यानाला मालक, कारखाना आणि धंदा द्या

तीन वाक्ये लिहा. हे यान कोणत्या कारखान्याने कोणासाठी बांधले, आज ते कोणाच्या मालकीचे आहे, आणि त्याचा मालक त्यावर पैसे कसे मिळवतो. पहिली दोन उत्तरे वेगळी असतील तर यान लगेच जिवंत होऊ लागते: श्रीमंतांच्या सहलींसाठी बांधलेले यान आज धान्य वाहत असेल, तर जेवणाच्या दालनात पोती दिसतील आणि पोत्यांमागे अजूनही नक्षीदार भिंत दिसेल.

मोठ्या गेमांनी ही जबाबदारी काल्पनिक कारखान्यांवर सोपवली आहे आणि ही पद्धत शिकण्यासारखी आहे. ‘स्टार सिटिझन’मध्ये ओरिजिन जंपवर्क्स हे नाव गुळगुळीत, पांढऱ्या, ऐटबाज यानांचे आहे, तर ड्रेक इंटरप्लॅनेटरीची याने उघड्या सांगाड्याची, स्वस्तात बांधल्यासारखी दिसतात. ‘एलीट डेंजरस’मध्ये लेकॉन स्पेसवेज कामकरी, ठोकळेबाज मालवाहू याने बांधते आणि सौद क्रूगर प्रवाशांसाठी डॉल्फिन, ओर्का आणि बेलुगा अशी समुद्री सस्तन प्राण्यांची नावे असलेली, लांबसडक, वक्र याने बांधते. नाव कानावर पडताच खेळाडूच्या मनात अपेक्षा तयार होते आणि निर्मात्याचे अर्धे सांगणे वाचते. तुमच्या गेममध्ये एकच यान असले तरी त्याच्या कारखान्याची एक सवय ठरवा, उदाहरणार्थ दरवाज्यांचे कोपरे नेहमी तिरके कापलेले असणे, आणि ती मोडू नका.

तिसरी पायरी: मापे आधी, आकार नंतर

येथे थोडे थांबून काम करावे लागते, कारण गेममधले उपयोगीपण हे बहुतांशी सेंटिमीटरांत ठरते. गेम बनवण्याच्या अनरियल इंजिन या सॉफ्टवेअरमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर असते, तर युनिटी या दुसऱ्या इंजिनमध्ये आणि ब्लेंडर या मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीत एक एकक म्हणजे एक मीटर. हे न पाहता मॉडेल एकाकडून दुसऱ्याकडे नेले की यान शंभरपट लहान किंवा मोठे होते. अनरियलच्या थर्ड पर्सन (पात्र मागून दिसणाऱ्या) नमुना प्रकल्पात धडक ठरवणारी, पात्राभोवतीची अदृश्य कॅप्सूल ८४ सेंमी रुंद आणि १९२ सेंमी उंच असते. आपल्या घरातले ९० सेंमीचे दार तिच्यासाठी जेमतेम पुरते आणि जरा तिरके आले की पात्र चौकटीला अडते. त्यातच थर्ड पर्सनमध्ये कॅमेरा पात्राच्या तीन-चार मीटर मागे असतो, म्हणजे खोली लहान असली की तो भिंतीला आपटून पात्राच्या पाठीला चिकटतो.

म्हणून फर्स्ट पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेममध्ये मी मार्गिका दीड ते दोन मीटर रुंद आणि छत अडीच मीटरच्या आसपास ठेवतो. थर्ड पर्सनमध्ये मार्गिका अडीच ते तीन मीटर आणि छत तीन मीटरच्या वर जाते. या आकड्यांमुळे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. आपले गरीब मालवाहू यान मोजमापाने प्रशस्त होऊन बसते आणि ऐषारामी यानापासून त्याचे वेगळेपण हरवते. यावर उपाय असा की धडकेची हद्द रुंद ठेवावी आणि दिसणारी जागा अरुंद करावी. डोक्यावरून जाणाऱ्या नळ्या, दाराचा खाली आलेला माथा, जमिनीवरचा उंबरठा, दोन्ही भिंतींवर लटकलेल्या जाळ्या हे सर्व दिसते, पण त्यांना धडकेचा आकार दिलेला नसतो. खेळाडूला दाटी जाणवते आणि तो कुठे अडकत मात्र नाही.

खऱ्या मापांचा अभ्यास घराजवळ करता येतो. रेल्वेच्या स्लीपर डब्यात बर्थची लांबी, दोन बर्थमधले अंतर आणि मधल्या वाटेची रुंदी टेपने मोजून वहीत लिहा. अनेक माणसांनी एका नळीत रात्र काढायची असेल तर काय लागते, हे त्यातून कळते. विशाखापट्टणमला समुद्रकिनारी २००२ पासून कुरसुरा ही नौदलाची निवृत्त पाणबुडी संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तिच्या आत चालत जाता येते. एकदा तिच्या वर्तुळाकार दारांतून वाकून पलीकडे गेलात की पुढे कोणत्याही यानाची मार्गिका आखताना हात आपोआप आवरता घेतला जातो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या अमेरिकी भागातील विभागांना जोडणारी चौकोनी दारे प्रत्येक बाजूस सुमारे १.२७ मीटर आहेत, पण तिथे माणसे तरंगत जातात हे विसरू नये. तुमच्या गेममध्ये कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे की नाही हे आधीच ठरवा, कारण गुरुत्वाकर्षण असेल तरच जिना हा ऐषाराम ठरू शकतो.

चौथी पायरी: ठोकळ्यांचे यान आणि रोजची वाट

आता कोणतेही टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, न लावता करड्या ठोकळ्यांनी सगळे यान उभे करा. याला ब्लॉकआउट म्हणतात. सौंदर्याचा विचार या पायरीवर करू नका. फक्त पात्र आत सोडा आणि घड्याळ लावून चाला.

खेळाडू यानात जी वाट पुन्हा पुन्हा चालणार आहे तिला मी रोजची वाट म्हणतो. बहुतेक गेमांत ती बाहेरच्या दारापासून कॉकपिटपर्यंत आणि कॉकपिटपासून मालापर्यंत असते. हिशेब करून पाहा. यान ६० मीटर लांब आहे आणि पात्र सेकंदाला ५ मीटर धावते, तर एका फेरीला १२ सेकंद लागतात. खेळाडू संपूर्ण गेममध्ये ४० वेळा उतरणार आणि परत चढणार असेल, तर १६ मिनिटे या वाटेवर गेली. हाच वेग माणसाच्या साध्या चालीइतका, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर ठेवला, तर तोच आकडा जवळपास एक तास होतो. एवढा वेळ खेळाडूकडून घ्यायचा असेल तर त्याबदल्यात त्याला काहीतरी द्यावे लागेल.

माझ्या एका सुरुवातीच्या यानात मी कॉकपिट आणि मालाच्या जागेच्या मधोमध एक गोल बैठकीचे दालन ठेवले होते. चित्रात ते यानाचे हृदय वाटत असे. खेळून पाहणाऱ्या मित्रांनी ते पहिल्यांदा निरखून पाहिले, दुसऱ्यांदा त्यातून चालत गेले आणि पाचव्या फेरीपासून सोफ्याला वळसा घालावा लागतो म्हणून त्रासले. मी दालन काढले नाही, वाट बदलली. सरळ मार्गिका बाजूने नेली, दालनाला काचेची भिंत दिली आणि त्याचे दार वेगळे केले. त्यानंतर तीच माणसे आपणहून आत जाऊन खिडकीपाशी थांबू लागली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: ऐषाराम रोजच्या वाटेवरून दिसावा, पण वाटेत येऊ नये. मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांचा जिना आणि कामगारांचा जिना वेगळा असतो, तोच विचार यानातही चालतो, आणि कामगारांच्या वाटेने जाणाऱ्या खेळाडूला पाहुण्यांची वाट काचेतून दिसली की न बोलता एक समाज उभा राहतो.

मोठ्या गेमांकडून येथे दोन्ही प्रकारचे धडे मिळतात. ‘स्टार सिटिझन’मधील ८९० जंप हे ऐषारामी यान २१० मीटर लांब आहे, त्यात पोहण्याचा तलाव आहे आणि स्वतःचा हँगर आहे, अशा यानात लिफ्टशिवाय गत्यंतर नसते आणि प्रत्येक लिफ्ट म्हणजे थांबणे असते. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मधील लिफ्टच्या संथपणाबद्दल खेळाडूंनी भरपूर तक्रारी केल्या, पण त्या लिफ्टच्या आड पुढचा भाग लोड होत असे, म्हणजे खेळाडूला गैरसोय वाटणारी गोष्ट निर्मात्यासाठी अत्यंत व्यवहारी होती. तुमच्या यानात अशी एखादी जागा लागलीच, तर तिला खिडकी द्या, म्हणजे थांबण्याचा वेळ पाहण्यात जाईल. ‘स्टारफील्ड’मध्ये खेळाडू स्वतःच यानाचे भाग जोडतो, परंतु दारे आणि शिड्या कुठे येतील हे सुरुवातीला गेमच ठरवत असे, त्यामुळे बाहेरून देखणी दिसणारी कित्येक याने आत भुलभुलैया होऊन बसली. आपण बाहेरचा आकार आधी रचून आतली वाट नंतर शोधू लागलो, तर आपल्याही यानाचे हेच होते.

पाचवी पायरी: ऐषारामाची किंमत नियमांत लिहा

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे, आणि नवीन माणसे ती हमखास गाळतात, कारण ती चित्रकलेची नसून आकडेमोडीची आहे. यान कितीही सुंदर असले, तरी त्यातला आरामदायी कक्ष ठेवला काय आणि काढला काय, गेममध्ये काहीच फरक पडत नसेल, तर तो कक्ष खेळाडूच्या दृष्टीने भिंतीवरचे चित्र होतो.

‘एलीट डेंजरस’ने प्रवासी वाहतुकीत हे फार नेटके केले आहे. यानातल्या अंतर्गत जागांना आकार ठरलेले असतात. सहा क्रमांकाच्या एकाच जागेत इकॉनॉमी केबिन बसवली तर ३२ प्रवासी मावतात, बिझनेस बसवली तर १६, फर्स्ट क्लास बसवली तर १२ आणि लक्झरी बसवली तर फक्त ८. म्हणजे लक्झरी केबिनचा एक प्रवासी चार साध्या प्रवाशांची जागा घेतो. हे आकडे पाहताच खेळाडूला ऐषाराम म्हणजे काय ते समजते. त्यासाठी त्याला केबिनच्या आतले एकही उशीचे अभ्रे दाखवावे लागत नाहीत. शिवाय लक्झरी केबिन सौद क्रूगरच्या यानांसाठी राखून ठेवल्यामुळे त्या कारखान्याच्या नावाला वजन येते. या प्रवाशांचे भाडे अधिक मिळते, पण त्यांच्या मागण्याही असतात: यानाला धक्का लागू नये, कोणी तपासणी करू नये, वाटेत अमुक वस्तू आणून द्यावी. ऐषाराम विकणाऱ्याला तो सांभाळावाही लागतो, हे तिथे खेळता खेळता कळते.

उपयोगीपणाच्या बाजूनेही याच गेममधले एक उदाहरण मी शिकवताना नेहमी देतो. लेकॉनचे टाइप-७ आणि दुसऱ्या कारखान्याचे पायथन ही दोन्ही याने मालासाठी सजवली तर तीनशे टनांच्या आसपास माल नेतात. टाइप-७ कितीतरी स्वस्त आहे. पण त्याला उतरायला मोठा पॅड लागतो आणि पायथन मध्यम पॅडवर उतरते. छोट्या चौक्यांवर मोठा पॅडच नसतो. टनांचा आकडा सारखा असूनही एका यानाला अर्धी दुनिया बंद होते. व्यवहारीपण म्हणजे केवळ किती मावते एवढेच नव्हे, तर यान कुठे मावते हेही त्यात येते, आणि हा विचार गेमच्या नकाशात रुजवता आला तर खेळाडू यान निवडताना मनापासून विचार करू लागतो.

तुमच्या लहान गेमसाठी एवढे गुंतागुंतीचे गणित लागत नाही. जागा, वजन, पैसा आणि वेळ या चारांपैकी कोणतेही दोन निवडा. समजा यानात आठ खाने आहेत. प्रत्येक खान्यात एक तर माल ठेवता येतो, किंवा इंधनाची टाकी, किंवा प्रवाशाची खोली. माल लगेच पैसे देतो, टाकी दूरवर नेते, आणि प्रवाशाची खोली दोन खाने खाते पण तो प्रवासी ज्या बंदरांत माल विकायला परवाना नाही तिथले दार उघडून देतो. एवढ्या तीन नियमांत ऐषाराम आणि उपयोग यांच्यात खरी ओढाताण सुरू होते. आकडे ठरवताना एक काळजी घ्या: ऐषारामाची निवड नेहमी तोट्याची असेल तर कोणी ती करणार नाही, आणि नेहमी फायद्याची असेल तर तो ऐषाराम उरणार नाही. एका परिस्थितीत ती शहाणपणाची आणि दुसऱ्या परिस्थितीत अंगलट येणारी असावी, आणि उड्डाणापूर्वी खेळाडूला ती परिस्थिती ओळखता यावी.

सहावी पायरी: माणसासाठी लागणारे आणि शोभेचे यांत फरक करा

खऱ्या अवकाशप्रवासाने या बाबतीत जे शिकवले ते गेम रचणाऱ्याने अवश्य वाचावे. १९७३ मध्ये सोडलेल्या स्कायलॅब स्थानकाच्या अंतर्भागासाठी नासाने रेमंड लोवी या औद्योगिक रचनाकाराच्या संस्थेचा सल्ला घेतला होता. एकत्र जेवण्याची जागा आणि तिथे पृथ्वी दिसेल अशी खिडकी असावी, असा त्यांचा आग्रह होता. अभियंत्याच्या दृष्टीने खिडकी म्हणजे वजन आणि धोका; पण महिनोन्‌महिने आत राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने ती गरज होती, आणि स्कायलॅबला खिडकी मिळाली. सोव्हिएत संघात गालिना बालाशोवा या वास्तुरचनाकार स्त्रीने सोयुझ यानाचे आणि पुढे मीर स्थानकाचे अंतर्भाग आखले. तरंगणाऱ्या माणसाला खाली कोणते आणि वर कोणते हे कळावे म्हणून तिने जमीन गडद आणि छत फिके ठेवले, आणि भिंतींवर लावायला निसर्गदृश्यांची जलरंगातली चित्रे स्वतः काढली. रंगाचा तो निर्णय दिसायला सुखद आणि कामाला आवश्यक, दोन्ही होता.

म्हणून यानातल्या प्रत्येक गोष्टीला विचारा: ही नसेल तर सहा महिन्यांनी आतल्या माणसांचे काय होईल? खिडकी, एकत्र जेवायचे टेबल, बंद करता येणारे झोपायचे दार, एखादी कुंडी, देवाचा किंवा घरच्यांचा फोटो, हे गरिबातल्या गरीब यानातही असायला हवे. ते नसले की यान व्यवहारी दिसत नाही, ओसाड दिसते.

खऱ्या अर्थाने ऐषारामी वस्तू ठेवायची असेल तर तिला सवय जोडून द्या. ‘मास इफेक्ट २’ मधील नॉर्मंडी या यानाच्या कप्तानाच्या केबिनमध्ये भिंतभर काचेची मत्स्यपेटी आहे. मासे विकत घेता येतात आणि मोहिमांच्या धांदलीत त्यांना खायला घालायचे राहिले तर ते मरतात. त्या पेटीचा लढाईशी काहीही संबंध नाही, तरीही अनेक खेळाडूंना त्या केबिनमध्ये परत जायला तिनेच भाग पाडले. मासे मेलेले पाहून जी हळहळ वाटते ती कोणत्याही झुंबराने वाटली नसती.

सातवी पायरी: साहित्य, प्रकाश आणि आवाज

इथपर्यंत यान ठोकळ्यांचेच असले तरी चालते. आता भिंतीचे, दाराचे, कोपऱ्याचे असे मोजके तुकडे एकाच मापाच्या जाळीवर बसतील असे तयार करा आणि त्यांनीच सर्व खोल्या जोडा. पंधरा-वीस तुकड्यांत लहान यान होते. कामकरी आणि ऐषारामी भागासाठी तुकडे तेच ठेवून फक्त साहित्य बदलणे हा वेळ वाचवणारा मार्ग आहे आणि तो तर्काला धरूनही आहे, कारण खरा कारखानाही सांगाडा एकच वापरील आणि त्यावर अस्तर वेगळे लावील.

तपशिलाबाबत एकच पथ्य सांगतो. भिंतीवर काढलेली प्रत्येक नळी कुठून तरी निघाली पाहिजे आणि कुठेतरी पोचली पाहिजे. उपयोगी भागात जोड, खिळे, पकडण्याच्या दांड्या आणि सूचनांची अक्षरे उघडी दिसतात. ऐषारामी भागात तेच सर्व अस्तरामागे लपवलेले असते. म्हणजे श्रीमंत खोलीत तपशील वाढवायचा नसून कमी करायचा आहे. झिजही अशीच विचाराने लावावी: हात जिथे लागतात तिथे रंग उडालेला, पाय जिथे वळतात तिथे जमीन घासलेली. रोजच्या वाटेवर झीज असते, पाहुण्यांच्या दालनात ती जवळजवळ नसते.

प्रकाशाचेही तसेच आहे. कामाच्या जागी दिवा उघडा, वरून आणि थेट; बैठकीत तो कोनाड्यातून, भिंतीवर पडून परतणारा. मात्र चालू गेममध्ये सावल्या टाकणारे दिवे महाग पडतात, तेव्हा असे दिवे एका खोलीत एक-दोनच ठेवा आणि बाकीचा प्रकाश आधी मोजून टेक्स्चरमध्ये भाजून घ्या, म्हणजे कायमचा उमटवून ठेवा.

आवाज हे नवीन लोकांकडून सर्वाधिक दुर्लक्षिले जाणारे साधन आहे, आणि सर्वांत स्वस्तही तेच आहे. मालवाहू यानात इंजिनाची घरघर जमिनीतून येते, पंखा खडखडतो, पावलांखाली लोखंडी जाळी वाजते. ऐषारामी भागाचे दार बंद झाले की हे सर्व थांबते आणि पावलांचा आवाज गालिच्यात विरतो. दोन्ही खोल्यांचे मॉडेल एकच ठेवून फक्त आवाज बदलून मी हा प्रयोग केला, तेव्हा पाहणाऱ्यांनी शांत खोली मोठी आहे असे सांगितले.

आठवी पायरी: दुसऱ्याच्या हाती द्या

ज्याने यान पाहिलेले नाही अशा तीन-चार जणांना ते खेळायला द्या आणि त्यांच्या मागे गप्प बसा. काय विचारायचे ते आधी लिहून ठेवा: हे यान कोणाचे वाटते, मालक पैसे कसे कमावतो, यात सर्वांत महागडी गोष्ट कोणती. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तुम्ही मुद्दाम रचलेल्या वस्तूऐवजी भलतीच वस्तू आली तर सर्वांत आधी तिच्याकडे पाहा; बऱ्याचदा ती एखादी मोकळी सोडलेली जागा असते. सोबत घड्याळही चालू ठेवा. खेळाडू रोजच्या वाटेवर धावू लागतो ती फेरी कितवी, आणि कोणत्या ठिकाणी तो कारण नसताना थांबतो, या दोन नोंदी करा. धावू लागतो तिथली वाट आखूड करा. थांबतो तिथे पुढच्या आवृत्तीत एक खुर्ची ठेवा, आणि तो तिच्यावर बसतो का ते पाहण्यासाठी त्याच माणसांना पुन्हा बोलवा.